कॅलिपर पिनचं रबर बूट बसत नाहीये? आधी दाबणं थांबवा

घरी गाडीचं काम शिकायला सुरुवात केली की ब्रेक पॅड बदलणं हे बहुतेकांचं पहिलं मोठं काम असतं. दोन बोल्ट काढा, जुने पॅड काढा, नवे घाला, एवढंच तर आहे, आणि ते खरंही आहे. पण त्याच कामात कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) गाईड पिनचं रबर बूट, म्हणजे पिनच्या तोंडाशी असलेलं रबरी आवरण, फाटलेलं निघालं की सगळं घोडं तिथेच अडतं. अंगठ्याएवढं ते रबर, एका बाजूने बसवलं की दुसऱ्या बाजूने उचकटतं, पिन घातली की फुग्यासारखं फुगतं, हात सोडला की पिन परत बाहेर येते, आणि ग्रीसने माखलेल्या बोटांत ते धरताही येत नाही. मग माणूस चिडून स्क्रूड्रायव्हर घेतो आणि नवं बूट फाडतो.

हा लेख फक्त त्या बुटाबद्दल आहे. पॅड बदलायची बाकी पद्धत येईल तिथे येईलच, पण जिथे लोकांचे हात टेकतात ती जागा सविस्तर लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, हे बूट जोर कमी पडतो म्हणून बसत नाही असं फार क्वचित होतं. आत गंज असतो, नाहीतर हवा अडकलेली असते, नाहीतर बूट थोडं तिरकं लागलेलं असतं. तिन्हीवर जोर लावून उपयोग शून्य.

१. हे बूट नेमकं काय करतं

बहुतेक छोट्या गाड्यांना फ्लोटिंग कॅलिपर असतो, म्हणजे पिस्टन फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच धक्क्याने अख्खा कॅलिपर आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. हे सरकणं होतं दोन गाईड पिनांवर. पिना ब्रॅकेटच्या (कॅलिपर ज्याच्यावर बसतो त्या लोखंडी चौकटीच्या) भोकात मागेपुढे होतात, भोकात ग्रीस असतं, आणि ते ग्रीस आत आणि पाणी चिखल बाहेर ठेवायला पिनच्या तोंडाशी घड्या घड्यांचं रबर बूट असतं.

बूट फाटलं की पाणी आत जातं, ग्रीस वाळतं, पिन गंजते आणि जाम होते. मग पिस्टन आतला पॅड दाबतो पण कॅलिपर सरकतच नाही. म्हणून जुने पॅड काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघा, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार जास्त झिजला असेल किंवा एखादा पॅड एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी झिजला असेल तर संशय आधी पिनांवर घ्यायचा. पिस्टन अडकत असेल तरी असं होऊ शकतं, त्यामुळे तोही बघायचा, पण पिन तपासायला दोन मिनिटं लागतात म्हणून सुरुवात तिथून. गाडी फिरवून आणल्यावर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापणं, गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी न पळणं, ही पण त्याचीच लक्षणं.

२. पार्ट मागवताना इथे फसतात

दुकानात किंवा ऑनलाइन याला कॅलिपर पिन किट किंवा कॅलिपर बूट किट म्हणतात. किटमध्ये कधी फक्त बूट असतात, कधी पिनासकट येतात, कधी पिस्टनचं सील आणि डस्ट कव्हरही त्यातच असतं. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा.

सगळ्यात मोठा घोळ असा की एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या गाडीला दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅलिपर बसवलेले असू शकतात. नुसतं गाडीचं नाव आणि वर्ष सांगून आणलेलं बूट एखाद दोन मिलिमीटरने लहान मोठं निघतं, बसेल बसेल म्हणत तुम्ही अर्धा तास घालवता आणि ते बसणारच नसतं. म्हणून मागवताना हे हाताशी ठेवा:

- चॅसिस नंबर (गाडीच्या नोंदणी कागदावर असतो, गाडीवरही कोरलेला असतो)
- पुढचं चाक की मागचं
- कॅलिपरवर ओतीव अक्षरांत काही नाव किंवा नंबर असेल तर त्याचा फोटो
- जुनं बूट, फाटकं असलं तरी, आणि पिन. जमलं तर व्हर्नियरने पिनची जाडी आणि ब्रॅकेटच्या भोकाचं तोंड मोजून घ्या

आणि दोन्ही चाकांचे बूट एकदमच घ्या. एका चाकाचं गेलंय म्हणजे दुसरंही त्याच वयाचं आहे. शिवाय नवशिक्याच्या हातून एखादं फाटतंच, तेव्हा सुट्टीच्या दिवशी गाडी जॅकवर आणि दुकान बंद अशी वेळ यायला नको.

३. काय काय लागेल

- जॅक, जॅक स्टँड (घोडी), गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला लावायला लाकडी ओट
- चाकाचा पाना, रॅचेट आणि गोट्या (सॉकेट). कॅलिपरच्या बोल्टला बऱ्याच गाड्यांत १२ किंवा १४ ची लागते
- पिन गोल फिरू नये म्हणून धरायला एक पातळ पाना
- कॅलिपर पिनसाठीच असलेलं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस. डब्यावर रबरला चालतं असं लिहिलेलं हवं
- ब्रेक क्लीनरचा स्प्रे
- आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडंसं
- छोटा तारेचा ब्रश, बाटली धुवायचा बारीक ब्रश, धागे न सुटणारं फडकं
- क्रोशाची सुई, प्लास्टिकची असेल तर उत्तमच
- सी क्लॅम्प
- कॅलिपर टांगायला जाड तार
- हातमोजे, मास्क, चष्मा
- टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळता येतो असा). नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, ब्रेकच्या कामात अंदाजपंचे नको

क्रोशाच्या सुईचं नाव वाचून हसू येईल, पण या कामात तिच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही. टोक गोल असल्याने रबर फाटत नाही आणि आकड्यामुळे बुटाचा ओठ, म्हणजे खाचेत बसणारी त्याची कड, अलगद उचलता येतो.

एक वस्तू यादीत मुद्दाम नाही, साधं ग्रीस. बेअरिंगचं पिवळं किंवा लाल ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, व्हॅसलीन, यातलं काहीही या रबराला लावू नका. हे रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं आणि पेट्रोलियमचं तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं. आज मस्त गुळगुळीत बसेल आणि काही आठवड्यांनी सैल पडून निघून येईल. काही पिनांच्या टोकाला रबराची बारीक नळी असते, ती फुगली तर पिन भोकात अशी आवळून बसते की ओढून निघत नाही. चांगल्या पिना चुकीच्या ग्रीसने जाम झालेल्या बऱ्याच बघायला मिळतात. कॉपर ग्रीसही इथलं नाही, लोक पॅडच्या पाठीला लावतात म्हणून पिनलाही लावतात, तसं करू नका.

४. गाडी उचलणं आणि कॅलिपर काढणं

सपाट जागा, गिअर टाकलेला, ज्या चाकावर काम नाही त्याला ओट. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मग जॅक, मग घोडी, मग गाडीला हाताने एक हलका धक्का देऊन ती घोडीवर नीट बसलीय का बघा. काढलेलं चाक गाडीच्या बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी घसरलीच तर गाडी चाकावर टेकेल. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. यावर चर्चा नको.

पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग अशा बाजूला वळवा की कॅलिपरची पाठ तुमच्याकडे येईल. इतकी साधी गोष्ट, पण बोल्ट समोर दिसायला लागतात आणि मनगट वाकडं करून काम करावं लागत नाही.

एका वेळी एकच चाक उघडा. दुसरं जसंच्या तसं राहू दे, कारण मध्ये गोंधळ झाला की कुठली क्लिप कशी होती हे बघायला तेच तुमचं पुस्तक. आणि उघडण्याआधी फोटो काढा, जवळून, चारी बाजूंनी.

पातळ पान्याने पिन धरून कॅलिपरचे दोन्ही बोल्ट काढा. कॅलिपर सुटला की तो ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगून ठेवा. ब्रेक पेडलला कुणी हात पाय लावणार नाही हेही बघा, पोरं गाडीत बसून खेळत असतील तर बाहेर काढा, पेडल दाबलं गेलं तर पिस्टन बाहेर येईल. इथे साठलेली काळी धूळ फुंकर मारून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, नवीन पॅडची धूळही फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसा.

५. पिना बाहेर काढा, पण खुणा करून

वरची पिन आणि खालची पिन दिसायला सारख्या वाटल्या तरी बऱ्याच गाड्यांत वेगळ्या असतात. एकीच्या टोकाला ती रबरी नळी असते किंवा एक बाजू चपटी कापलेली असते, दुसरी साधी गोल. कुठली वर आणि कुठली खाली हे गाडीप्रमाणे बदलतं, म्हणून काढतानाच चिकटपट्टी लावून वर/खाली लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर कॅलिपर जोडला जातो, बोल्टही लागतात, फक्त तो सरकत नाही आणि तुम्ही बुटाला शिव्या देत बसता.

पिन सरळ ओढून येत नसेल तर आधी गोल गोल फिरवा, डावीकडे उजवीकडे, आणि फिरवत फिरवत ओढा. नाहीच हलली तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा, परत फिरवा. हा स्प्रे तेलकट असतो, तो नंतर पूर्ण पुसून निघाला पाहिजे, नवीन रबराला लागता कामा नये. हातोडीने ठोकून ठोकून पिन काढाल तर ती वाकेल, आणि वाकडी पिन म्हणजे नवीन पिन. टणक सपाट फरशीवर लोळवून बघा, डुगडुगली तर वाकलेली आहे.

पिनवर नुसता तांबूस थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने निघतो. नखाला खड्डे लागत असतील तर पिन बदला, पैसे वाचवायची ही जागा नाही.

६. सगळं काम इथे आहे: बुटाची जागा साफ करणं

लोक हा टप्पा एका फडक्यात उरकतात आणि पुढचे दोन तास बुटाशी कुस्ती खेळतात.

ब्रॅकेटच्या भोकाच्या तोंडाकडे टॉर्च मारून नीट बघा. काही ब्रॅकेटला तोंडाच्या बाहेरून गोल खाच असते, बुटाचा ओठ तिच्यात बसतो. काहींना आतल्या बाजूला एक पायरी असते, बुटाचा कडक भाग त्या पायरीत दाबून बसतो. दोन्ही प्रकारांत होतं काय, की फाटक्या बुटातून गेलेलं पाणी नेमकं या खाचेत साठतं आणि तिथे गंजाचं एक कडं तयार होतं. हे कडं इतकं टणक आणि एकसारखं असतं की तोच खाचेचा तळ आहे असं वाटतं. रंगही लोखंडासारखाच, वरून ग्रीसचा काळा लेप. नवीन बुटाचा ओठ त्या कड्यावर अर्धवट बसतो, बसल्यासारखा दिसतो, आणि पिन आत ढकलली की टप्पकन निघतो. बूट लहान आलंय, रबर कडक आहे, कंपनी बोगस आहे असं सगळं मनात येतं, आणि खरं कारण ते अर्ध्या मिलिमीटरचं गंजाचं कडं असतं.

ते ओळखायची सोपी खूण म्हणजे बारीक टोकाने खरवडून बघा. खपली उडाली तर गंज, चकचकीत रेघ उमटली तर लोखंड. खपली उडत असेल तर गोल फिरत फिरत सगळं कडं काढा, आधी टोकाने, मग तारेच्या ब्रशने. घाई नको. खाचेची कड तीक्ष्ण झाली असेल तर पॉलिश पेपर एकदा हलका फिरवा, नाहीतर रबराला तिथूनच चीर जाते.

भोकाच्या आत मात्र तारेचा ब्रश किंवा कडक पेपर घालू नका. आतलं माप पिनच्या मापाला धरून असतं, ते घासून मोठं केलं तर पिन खडखडते. आत बाटलीचा ब्रश, ब्रेक क्लीनर, काडीला गुंडाळलेलं फडकं, बास. तळाशी जुन्या ग्रीसचा मेणासारखा गोळा बसलेला असतो तो पूर्ण काढा, तो राहिला तर पिन शेवटपर्यंत जाणार नाही. भोक कोरडं झालं की कोरडीच पिन घालून बघा, बुटाशिवाय, ग्रीसशिवाय. तळापर्यंत मोकळी गेली आणि मोकळी फिरली तर जागा तयार आहे. नाही गेली तर बुटाला हात लावायचाच नाही, परत साफ करा.

पॅडच्या स्टीलच्या क्लिपा बसतात ती जागाही लगेच याच दमात घासून घ्या. क्लिपेखाली गंज फुगला की क्लिप वर उचलली जाते आणि नवा पॅड घट्ट होतो.

७. आता बूट

थंडीत किंवा बरेच दिवस पाकिटात पडून राहिलेलं रबर आखडलेलं असतं. बूट कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, पुसून पूर्ण कोरडं करा. उकळतं पाणी नको. हातही धुऊन घ्या, ग्रीसचे हात या टप्प्याला नकोत.

बाहेरच्या खाचेत बसणारं बूट:

इथे बहुतेक जण ओठाला ग्रीस चोपडतात आणि तिथेच फसतात, कारण मग तो बसतोही सहज आणि निघतोही सहज. खाचेत आणि ओठाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचं बोट फिरवा. ते ओलं असेपर्यंत रबर छान घसरतं, मग उडून जातं आणि रबर कोरड्या लोखंडाला पकडून बसतं.

ओठाची एक बाजू खाचेत अडकवून तिथे अंगठा दाबून ठेवा. हा अंगठा शेवटपर्यंत हलवायचा नाही. दुसऱ्या हाताने ओठ थोडा ताणून उरलेली बाजू वरून ओढून घ्या, सायकलचा टायर रिमवर चढवतात तसं. शेवटचा पाव भाग नेहमी अडतो, तिथे क्रोशाच्या सुईचा आकडा ओठाखाली घालून उचला आणि सोडा. मग सुई खाचेतून पूर्ण गोल फिरवून बघा. कुठे ओठ दुमडून आत गेला असेल तर तिथे सुई अडखळते, तो भाग उचलून परत सोडा. डोळ्याला दुमड दिसत नाही, सुईला कळते.

दाबून बसणारं बूट:

याच्या बुडाला कडक रबराच्या कड्या असतात किंवा आत धातूची रिंग असते. हे बोटाने बसत नाही आणि हातोडीने तिरकं होतं. ज्या गोटीची कड बुटाच्या कडक भागावर बरोबर टेकते आणि मऊ घड्या तिच्या पोकळीत मावतात अशी खोल गोटी शोधा. बूट सरळ ठेवा, त्यावर गोटी, आणि सी क्लॅम्पने दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू आवळा. अर्धा फेरा आवळला की थांबून चारी बाजूंनी बघायचं, एक बाजू आधी आत जात असेल तर लगेच सोडा, सरळ करा, परत. तिरक्या बुटाला अजून जोर लावून ते सरळ होत नाही, त्याची कड कापली जाते. पूर्ण बसलं की क्लॅम्पची मूठ अचानक जड लागते, तिथे थांबायचं.

याही बुटाला बाहेरून अल्कोहोलच. एखाद्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर अर्थात मॅन्युअलचं ऐका.

८. पिन घालणं आणि अडकलेली हवा

आता ग्रीस. पिनवर पातळ थर, पिनचा रंग खालून दिसेल इतका. भोकात बोटभर ग्रीस कोंबलं तर जास्त दिवस टिकेल असं वाटतं, पण भोक एका बाजूने बंद असतं, त्यामुळे ग्रीस आणि हवा दोन्हीला जायला जागा उरत नाही आणि पिन आतून बाहेर ढकलली जाते. पिनला चपटी बाजू किंवा बारीक पन्हळ असेल तर ती याच हवेसाठी दिलेली असते, ती ग्रीसने बुजवू नका. बुटाच्या आतल्या घड्यांना ग्रीसचा हलका हात चालतो.

पिन बुटाच्या तोंडातून घालताना ती फिरवत घाला, नाहीतर तिचं टोक रबराला आत ढकलतं. टोकाला रबरी नळी असलेली पिन असेल तर जास्तच सांभाळून. पिन पूर्ण आत गेली की बुटाचा दुसरा ओठ पिनच्या डोक्याजवळच्या खाचेत बसवायचा, आणि इथेच ते फुगणं आणि बाहेर येणं सुरू होतं.

करायचं असं:

पिन तळापर्यंत दाबून धरा. क्रोशाची सुई ओठाखालून हलकीशी सरकवा, फुस्स करून हवा निघते. सुई आत असतानाच बूट बोटांनी पिनकडे दाबा म्हणजे उरलेली हवाही निघेल. मग सुई काढा आणि ओठ खाचेत बसू द्या. आता पिन सोडा. थोडी बाहेर येऊन थांबली तर चालतं, तेवढी हवा राहतेच. पूर्ण बाहेर येत असेल तर ग्रीस जास्त झालंय, पिन काढा, पुसा, कमी लावा. उलट ओढताना बूट आत ओढलं जाऊन चपटं होत असेल तर हवा फार काढलीत, पिन अर्ध्यावर ठेवून ओठ एकदा उचला आणि सोडा.

मग पिन पूर्ण आत बाहेर आठ-दहा वेळा करा. बूट दोन्ही टोकांना जागेवर राहिलं पाहिजे, घड्या सरळ उघडल्या मिटल्या पाहिजेत, पीळ पडता कामा नये. पीळ दिसला तर पिन फिरवून तो पीळ काढून टाका, पिळलेलं बूट काही महिन्यांत घडीवर चिरतं.

९. जोडणी

कॅलिपर चढवण्याआधी पिस्टन मागे ढकलावा लागेल कारण नवे पॅड जाड असतात. त्याआधी बोनेट उघडून ब्रेक फ्लुइडची पातळी बघा, काठोकाठ असेल तर थोडं काढून घ्या, पिस्टन मागे गेला की तेवढं फ्लुइड वर येतं आणि सांडलं तर गाडीचा रंग खातं. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने सावकाश दाबा. मागच्या चाकाला हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो, त्याचं वेगळं टूल मिळतं. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावल्याशिवाय क्लॅम्प लावायचा नाही, मोटर तुटते.

बोल्ट लावताना परत पातळ पान्याने पिन धरा. नाही धरली तर बोल्टबरोबर पिन फिरते, पिनबरोबर बूट पिळतं, आणि इतकी मेहनत करून बसवलेला ओठ तुमच्या नकळत निघतो. हा प्रकार चाक लावल्यावर दिसतही नाही.

टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, बऱ्याच छोट्या गाड्यांत या पिनांचे बोल्ट २५ ते ३५ न्यूटन मीटरच्या आसपासच असतात, म्हणजे चाकाच्या नटापेक्षा खूपच कमी. लांब पाना घेऊन अंगाचा भार टाकला तर बोल्ट तुटतो. ब्रॅकेट काढला असेल तर त्याचे बोल्ट मात्र चांगलेच घट्ट असतात, ते गोंधळू नका.

बोल्ट लागले की कॅलिपर हाताने मागेपुढे हलवून बघा. पॅडच्या जागेपुरता हलला पाहिजे, खडखडाट नको आणि जामही नको. सगळ्यात शेवटी टॉर्च घेऊन दोन्ही बुटांची चारही टोकं परत एकदा बघा.

१०. गाडी हलवण्याआधी

गाडी सुरू करायच्या आधी ब्रेक पेडल दाबत राहा. पहिल्या काही दाबांना ते थेट तळाला जाईल, पिस्टन मागे गेलाय ना. कडक झालं, तिथेच राहिलं, मगच इंजिन सुरू. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली तर पहिल्या वेळी ब्रेक लागणारच नाही. फ्लुइडची पातळी परत बघा.

चाकाचे नट समोरासमोर या क्रमाने आवळा, गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने. पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, हलके ब्रेक मारत. नव्या पॅडना बसायला थोडं अंतर द्या, लगेच जोरात ब्रेक मारून बघू नका.

परत आल्यावर दोन्ही बाजूंच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता बघा, डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल. दोन्हीकडे साधारण सारखी ऊब लागली की झालं. ज्या बाजूचं काम केलंत तीच जास्त तापली असेल तर बहुतेक पिना वर खाली झाल्यात किंवा पॅड क्लिपेत घट्ट बसलाय, चाक परत उघडायचं.

तरीही बूट बसत नसेल तर

कोरडी पिन मोकळी जाते, खाच लोखंडापर्यंत साफ आहे, रबर मऊ आहे, आणि तरी बूट निघून येतंय, तर माप चुकलंय. जुनं बूट आणि नवं बूट शेजारी ठेवून दोन्ही ओठांची जाडी बघा, फक्त उंची बघून फसायला होतं. जुनं तेल लागून फुगलेलं असेल तर तेही मापाला चालत नाही, अशा वेळी ब्रॅकेटचं भोक मोजूनच दुकानात जा.

बुटाला चिकटपट्टी, सिलिकॉन सीलंट, झिप टाय, फेव्हिक्विक लावून जागेवर ठेवायचे जुगाड दिसतात. नको. तिथे उष्णता असते, बूट लांब आखूड होतं, आणि घट्ट आवळलेला झिप टाय रबर कापतो.

आणि काही वेळा काम थांबवून कॅलिपर तसाच मेकॅनिककडे न्यायचा असतो: पिन ब्रॅकेटमध्ये जाम होऊन तुटली, भोकाच्या आत खड्डे पडलेत, पिस्टनभोवतीचं मोठं डस्ट कव्हर फाटलंय, किंवा कुठेही फ्लुइडचा ओलावा दिसतोय. ब्रॅकेट वेगळा मिळतो, पूर्ण कॅलिपर बदलायची गरज असेलच असं नाही, तेवढं विचारून घ्या.

आठवड्याभराने चाकाचे नट परत टॉर्कला तपासा, आणि त्याच वेळी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बुटांकडे एक नजर टाका. ओठाजवळ ओलसर ग्रीसचं कडं दिसलं तर एकतर ग्रीस जास्त होतं नाहीतर ओठ कुठेतरी उचललाय. पुसून घ्या, दोन दिवसांनी परत बघा, परत आलं तर चाक काढून सुई फिरवा.